स्खलनाआधी बाहेर: विथड्रॉवल पद्धत वापरायचीच असेल तर

गोळ्या नको वाटतात, तांबीची धास्ती वाटते, कंडोम आणायचा राहून जातो, आणि मग 'मी वेळेत बाहेर काढेन' यावर गाडी चालते. वीर्य बाहेर पडण्याआधी लिंग योनीतून पूर्ण बाहेर काढायचं आणि वीर्य योनीपासून दूर सांडायचं, एवढीच ही पद्धत. विकत काही आणावं लागत नाही, डॉक्टरकडे जावं लागत नाही, शरीरात हार्मोन जात नाहीत. माणूस ती फार पूर्वीपासून वापरत आलाय. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकात तिचा उल्लेख आहे, आणि इस्लामी धर्मशास्त्रात 'अझल' या नावाने तिच्यावर शतकानुशतकं चर्चा झाली आहे. फ्रान्समधला जन्मदर आधुनिक साधनं यायच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून उतरू लागला. त्यामागे इतिहासकार मोठ्या प्रमाणात हीच पद्धत धरतात. म्हणजे ती अगदीच कुचकामी आहे असं म्हणणं खरं नाही. पण ती सोपी आहे, हेही खरं नाही.

हा लेख ती वापरणाऱ्या किंवा वापरायचा विचार करणाऱ्या प्रौढ जोडप्यांसाठी आहे. 'वापरूच नका' असं सांगून हात झटकणारा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. लोक ती वापरतात. तेव्हा नीट कशी वापरायची आणि कुठे थांबायचं, हे माहीत असलेलं बरं.

आधी आकडे

वर्षभर दर वेळी एकदाही न चुकता ही पद्धत वापरली, तर १०० पैकी सुमारे ४ स्त्रियांना दिवस राहतात. प्रत्यक्षात लोक जशी वापरतात, कधी उशीर, कधी विसर, कधी 'आज चालेल', तशी वापरली तर १०० पैकी सुमारे २० जणींना. काहीच न वापरणाऱ्यांमध्ये हा आकडा ८५ च्या आसपास असतो. कंडोमचे आकडे सुमारे २ आणि १३, रोजच्या गोळ्यांचे १ पेक्षा कमी आणि ७. तांबी बसवलेल्यांमध्ये मात्र दोन्ही आकडे १ च्या आतबाहेर राहतात, कारण एकदा बसवल्यावर तिथे कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही.

४ आणि २० यांच्यातलं अंतर बघा. ते सगळं माणसाच्या चुकीचं आहे.

आणखी एक हिशेब करून बघा. हे आकडे एका वर्षाचे आहेत. दर वर्षी तोच २० टक्के धोका धरला, तर तीन वर्षांत जवळपास निम्म्या जोडप्यांवर नको असलेल्या गरोदरपणाची वेळ येते. प्रत्यक्षात चित्र थोडं वेगळं असतं, कारण जी जोडपी चुकायची ती लवकर चुकतात आणि उरलेली जास्त सावध असतात. तरीही 'सहा महिने काही झालं नाही, म्हणजे आपल्याला जमलं' हा निष्कर्ष घाईचा आहे. सहा महिने काहीही न वापरता ज्यांना दिवस राहिले नाहीत, अशी जोडपीही पुष्कळ असतात.

शरीरात काय घडतं

पुरुषाचं स्खलन दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात वीर्य मूत्रमार्गाच्या आतल्या भागात येऊन जमतं. तेव्हा 'आता होणार' अशी स्पष्ट जाणीव होते. दुसऱ्या टप्प्यात स्नायू आकुंचन पावून ते बाहेर फेकतात. पहिला टप्पा सुरू झाला की दुसरा मनाने थांबवता येत नाही, आणि दोन्हींमध्ये काही सेकंदच असतात. त्यामुळे ती जाणीव झाल्यावर बाहेर काढायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो. बाहेर यायचं ते त्या जाणिवेच्या आधी. नवख्या माणसाची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. 'आता' वाटण्याची वाट बघत तो थांबतो.

वीर्याच्या पहिल्या उसळीत शुक्रजंतू सर्वांत जास्त असतात. त्यामुळे 'थोडंसंच आत गेलं' याला फारसा अर्थ नाही. निरोगी वीर्याच्या एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी शुक्रजंतू असतात.

आता ज्यावरून सर्वांत जास्त वाद होतात तो मुद्दा: उत्तेजना आल्यावर लिंगाच्या टोकाशी येणारा पातळ, चिकट, पारदर्शक स्राव. तो मूत्रमार्गाशेजारच्या छोट्या ग्रंथींतून येतो. त्या ग्रंथी शुक्रजंतू तयार करत नाहीत. पण वाटेत शुक्रजंतू त्यात मिसळू शकतात. काही छोट्या अभ्यासांत या स्रावात शुक्रजंतू सापडले नाहीत, काहींत सापडले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ पुरुषांपैकी ११ जणांच्या स्रावात ते आढळले, आणि त्यातल्या बहुतेकांचे हलते, जिवंत होते. त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की काही पुरुषांच्या दर नमुन्यात ते होते आणि काहींच्या एकाही नमुन्यात नव्हते. आपण कुठल्या गटात आहोत हे बाहेरून बघून कळत नाही. हा स्राव कधी येतो तेही अनेकांना जाणवत नाही, आणि तो थांबवता तर अजिबातच येत नाही. म्हणून सगळं अचूक केलं तरी थोडा धोका उरतो. वरचा ४ चा आकडा शून्य नाही, त्याचं एक कारण हे.

स्त्रीच्या बाजूने दोन गोष्टी माहीत हव्यात. शुक्रजंतू तिच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. स्त्रीबीज मात्र बाहेर पडल्यावर १२ ते २४ तासच टिकतं. म्हणजे बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस हा सर्वांत धोक्याचा काळ. अडचण एवढीच की तो दिवस आधी नक्की कळत नाही.

कुणी ही पद्धत धरू नये

ज्यांना गरोदरपण कुठल्याही परिस्थितीत नकोच आहे, त्यांनी फक्त हिच्यावर विसंबू नये. तब्येतीमुळे गर्भधारणा धोक्याची असेल, गर्भाला अपाय करणारं औषध चालू असेल, तर पाचात एक ही शक्यता परवडणारी नाही.

लवकर स्खलन होणाऱ्या किंवा आपल्याला केव्हा होणार याचा अंदाज न येणाऱ्या पुरुषाने ती वापरू नये. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, शरीरं वेगवेगळी असतात. ज्यांनी आत्ताच शरीरसंबंधांना सुरुवात केली आहे, त्यांना हा अंदाज यायला वेळ लागतो. दारू किंवा नशा केलेली असेल तर त्या दिवशी हा पर्याय नाहीच असं समजा.

नवीन जोडीदार असेल, किंवा दोघांपैकी कुणाची लैंगिक आजारांची तपासणी झालेली नसेल, तर कंडोमच हवा. ही पद्धत लैंगिक आजारांपासून कसलंही संरक्षण देत नाही. स्खलनाआधीच्या स्रावातही एचआयव्ही असू शकतो. जननेंद्रियांवरचं हर्पीस, एचपीव्ही (चामखिळी आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा विषाणू), सिफिलिस हे तर त्वचेच्या स्पर्शातूनही पसरतात.

आणि एक गट असा आहे ज्याचा उल्लेख अशा लेखांत सहसा येत नाही. इथे नियंत्रण पुरुषाच्या हातात आणि परिणाम स्त्रीच्या पोटात. जो पुरुष कबूल करून ऐन वेळी आतच थांबतो, 'एकदा काय होतंय' म्हणतो किंवा नंतर हसण्यावारी नेतो, त्याच्याबरोबर ही पद्धत चालूच शकत नाही. हे मुद्दाम होत असेल तर तो फसवणुकीचा आणि बळजबरीचा प्रश्न आहे. अशा वेळी स्त्रीने स्वतःच्या हातातलं साधन निवडावं: इंजेक्शन, तांबी, दंडात बसवायचं इम्प्लांट. जोडीदाराच्या मर्जीवर ती साधनं अवलंबून नसतात.

पहिली पायरी: अंगावर कपडे असताना बोला

हे बोलणं बिछान्यात होत नाही. तिथे दोघंही हो म्हणतात. आधी, शांतपणे, चार प्रश्नांची उत्तरं दोघांनी मिळून ठरवा. वीर्य कुठे सांडायचं? तिने 'बाहेर' म्हटलं तर काही न बोलता लगेच बाहेर यायचं, हे मान्य आहे का? उशीर झाला तर पुढच्या काही तासांत काय करायचं? आणि तरीही दिवस राहिले तर दोघांचं मत काय?

शेवटचा प्रश्न लोक टाळतात. तो टाळावासा वाटत असेल तर दुसरं साधन शोधायला सुरुवात करा, असं माझं स्पष्ट मत आहे. ही पद्धत वापरताना त्या प्रश्नाची वेळ येण्याची शक्यता बरीच असते.

आपत्कालीन गोळी (चूक झाल्यावर गर्भधारणा टाळण्यासाठी घ्यायची गोळी) आधीच आणून घरात ठेवा. 'कधी लागलीच तर' म्हणून नाही, ती या पद्धतीचा भागच आहे.

दुसरी पायरी: कंडोम घालून सराव

ज्यांना ही पद्धत पुढे एकटीच वापरायची आहे त्यांच्यासाठी हा सर्वांत कामाचा सल्ला. काही काळ कंडोम घालूनच संबंध ठेवा, आणि कंडोम असतानाही स्खलनाआधी बाहेर या. दर वेळी. किती वेळा वेळेत जमलं आणि किती वेळा वीर्य कंडोममध्ये आत असतानाच आलं, हे प्रामाणिकपणे बघा. मध्येच एखाददोन वेळा आतच झालं असेल, तर कंडोमशिवाय तेव्हा काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको. कित्येकांना हा सराव केल्यावर कळतं की आपला अंदाज वाटला तितका पक्का नाही. ते कळण्यासाठी यापेक्षा स्वस्त मार्ग नाही.

एकट्याने हस्तमैथुन करतानाही पुरुषाला आपल्या उत्तेजनेच्या पायऱ्या ओळखता येतात. स्खलनाच्या बरंच आधी थांबायचं, श्वास सावकाश होऊ द्यायचा, पुन्हा सुरू करायचं. श्वास भरभर होणं, मांड्या-ओटीपोटाचे स्नायू ताठरणं, अंडकोष वर ओढले जाणं या खुणा आधी दिसतात. त्या ओळखीच्या झाल्या की ऐन वेळी चटकन लक्षात येतात.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष वेळी

पुरुषाने आधी लघवी करून यावं आणि लिंगाचं टोक पुसावं. मागच्या स्खलनातले मूत्रमार्गात राहिलेले शुक्रजंतू त्यामुळे धुऊन जायला मदत होते. धोका यामुळे पूर्ण संपतो असा भक्कम पुरावा नाही, पण करायला काहीच लागत नाही, तर करावं.

ज्या स्थितीत पुरुषाला सहज मागे सरता येईल ती निवडा. स्त्री वर असेल तर बाजूला होणं तिच्या हातात येतं. ते चांगलंच. मात्र मग पुरुषाने वेळेच्या पुरेसं आधी सांगायला हवं, कारण दोघांच्या हालचालीत वेळ जातो. उभ्याने किंवा स्त्री वर असताना दिवस राहत नाहीत, हा समज मात्र खोटा आहे. शुक्रजंतू स्वतः पोहतात.

उत्तेजना शिगेला पोचण्याच्या बरंच आधी लिंग पूर्ण बाहेर काढा. टोक योनीच्या तोंडाशी ठेवून नाही, पूर्ण दूर. पुढचं हाताने, किंवा दोघांना आवडेल तसं. वीर्य योनीमुख, जांघा, दोन मांड्यांमधला भाग यांच्यापासून दूर पडलं पाहिजे. पोटावर सांडलं तर ते खाली ओघळू देऊ नका. जवळ टॉवेल असू द्या, लगेच पुसा, हात साबणाने धुवा. वीर्य लागलेली बोटं योनीत गेली तरी धोका आहे.

आणि बाहेर आल्यावर तिच्याकडे पाठ फिरवू नये. अनेक स्त्रियांचं समाधान तोवर झालेलं नसतं. पूर्ण वेळ 'आता काढेल ना?' या ताणात असणाऱ्या स्त्रीला सुख कसं मिळणार? ही पद्धत नकोशी होण्याचं हे मोठं कारण आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. तो ताण दर वेळी येत असेल, तर तोच साधन बदलण्याचा पुरेसा आधार मानावा.

लगेच पुन्हा?

एकदा स्खलन झाल्यावर थोड्या वेळाने पुन्हा संबंध ठेवताना धोका वाढतो. मूत्रमार्गात आणि लिंगाच्या त्वचेवर शुक्रजंतू शिल्लक असतात. मध्ये लघवी करा, लिंग आणि हात स्वच्छ धुवा. खरं तर दुसऱ्या वेळी कंडोमच वापरा, तो सुटसुटीत मार्ग.

आधाराला दुसरं काही जोडा

ही पद्धत एकटी दुबळी आहे, पण जोडीला चांगली ठरते. कंडोम घालून शिवाय बाहेर यायचं, म्हणजे कंडोम फाटला तरी नुकसान कमी. गोळ्या चालू असताना काही जण हीच खबरदारी घेतात.

पाळीच्या तारखांची जोडही देता येते. जिची पाळी नियमित आणि २६ ते ३२ दिवसांच्या अंतराने येते, तिने पाळीचा पहिला दिवस १ धरून ८व्या ते १९व्या दिवसापर्यंत कंडोम वापरावा किंवा संबंध टाळावेत. बाकीच्या दिवशी बाहेर काढण्याची पद्धत. फक्त बाहेर काढण्यापेक्षा हे बरंच बरं. पण पाळी मागेपुढे होत असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, स्तनपान चालू असेल किंवा हार्मोनची गोळी नुकतीच बंद केली असेल, तर या मोजणीवर विश्वास ठेवू नका. बाळंतपणानंतर पहिली पाळी यायच्या आधीच बीज बाहेर पडू शकतं, त्यामुळे 'पाळी आलीच नाही, मग भीती कसली' म्हणत गाफील राहिलेल्यांना दुसऱ्यांदा दिवस जातात.

उशीर झाला तर

वीर्य आत गेलं, किंवा गेल्याची शंका असली, तरी हे करा. घाबरून योनी आतून धुऊ नका. शुक्रजंतू तोवर पुढे गेलेले असतात, आणि धुण्याने संसर्गाचा धोका तेवढा वाढतो. उड्या मारणं, लगेच लघवीला जाणं यानेही गर्भधारणा टळत नाही.

लेव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची आपत्कालीन गोळी जितक्या लवकर घ्याल तितकी चांगली. ७२ तासांच्या आत, आणि शक्यतो पहिल्याच दिवशी. युलिप्रिस्टल नावाची दुसरी गोळी १२० तासांपर्यंत, म्हणजे पाच दिवसांपर्यंत चालते. सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं, आणि ती पुढे कित्येक वर्षं कामही करत राहते. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. वजन जास्त असेल तर लेव्होनॉर्जेस्ट्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो. अपस्माराची काही औषधं आणि क्षयावरचं रिफॅम्पिसिन चालू असेल तरीही तसंच, तेव्हा डॉक्टरांशी बोला.

ही गोळी मुख्यतः बीज बाहेर पडणं पुढे ढकलते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. आणि पुढच्या संबंधांना तिचं संरक्षण नसतं. उलट बीज उशिरा बाहेर पडल्यामुळे त्याच महिन्यात पुन्हा निष्काळजीपणा केला तर दिवस राहू शकतात. महिन्यातून दोनदा ही गोळी आणायची वेळ येत असेल, तर बाहेर काढण्याची पद्धत तुमच्यासाठी नाही. गोळीने फार मोठा अपाय होतो म्हणून नव्हे, रोजच्या साधनापेक्षा ती कमी भरवशाची आहे म्हणून.

पाळीवर लक्ष

दर पाळीची तारीख लिहून ठेवा. पाळी अपेक्षित दिवशी आली नाही तर त्या दिवसापासून घरच्या घरी लघवीची चाचणी करता येते. तारखा अनियमित असतील तर संबंधानंतर २१ दिवसांनी. सकाळची पहिली लघवी वापरली तर लवकरच्या चाचणीत निकाल जास्त खात्रीचा मिळतो. एकदा 'नाही' आलं आणि पाळी तरी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. आपत्कालीन गोळीनंतर पाळी काही दिवस मागेपुढे होणं स्वाभाविक आहे, मात्र आठवड्याहून जास्त लांबली तर चाचणी हवीच. चाचणी 'हो' असेल आणि ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखत असेल, चक्कर येत असेल, रक्तस्राव होत असेल, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. गर्भ बीजवाहिनीत अडकलेला असू शकतो.

चाचणी 'हो' आली तर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, ठेवायचं असो वा नसो. ठेवायचं असेल तर फॉलिक ॲसिड लवकर सुरू होतं. नसेल तर जितके दिवस कमी तितके वैद्यकीय पर्याय सोपे आणि सुरक्षित असतात. तिच्याबरोबर त्यानेही जावं, आणि पुढचं साधन कुठलं हे त्याच भेटीत विचारून घ्यावं.